मार्गे मुरबाड

एसटीच्या पाटीवर गावाचं नाव दोन ठिकाणी लागू शकतं. ज्यांचं नशीब थोर त्यांचं शेवटी, ठळक अक्षरात. बाकीच्यांचं खाली कोपऱ्यात, 'मार्गे'च्या पुढे. आमचं मुरबाड कोपऱ्यातलं. कल्याण-नगर, मार्गे मुरबाड. कल्याण-जुन्नर, मार्गे मुरबाड. माणसं आमच्याकडे येत नाहीत, आमच्यावरून जातात. पावसाळ्यात शनिवारी सकाळी नाक्यावर उभं राहावं. मुंबई-ठाण्याच्या गाड्यांची रांग लागलेली असते, काच खाली होते, गॉगल बाहेर येतो आणि विचारतो, "माळशेज किती राहिलं?" आपण हात लांब करून सांगतो, "सरळ. सरळगावच्या पुढे टोकावडे, तिथून पुढे." काच वर जाते. इतक्या वर्षांत काच खाली करून "मुरबाड कुठे आलं हो?" असं कुणी विचारलेलं माझ्या ऐकिवात नाही. विचारायचं कारणही नाही म्हणा, तो माणूस मुरबाडातच उभा असतो.

मुरबाडला रेल्वे येणार, हे वाक्य आमच्या आजोबांनी ऐकलं, वडिलांनी ऐकलं, आम्हीही ऐकतोय. तोवर रस्ता आहे आणि रस्त्यावरून जाणारे आहेत. याचं फारसं वाईट वाटून घेण्यात अर्थ नाही. दोन हजार वर्षं आम्ही हाच उद्योग करतो आहोत. पूर्वी जाणारे रोमशी व्यापार करणारे होते, आता घोडबंदर रोडचे असतात, एवढाच फरक.

रोमचं नाव उगाच घेतलं नाही. आमची डोंबिवलीची ताई आणि भाऊजी भूमध्य समुद्रातली क्रूझ करून आले, आणि गणपतीत आमच्याकडे आले तेव्हा मोदकांपेक्षा जास्त रोम वाढलं गेलं. जहाजाचं वर्णन ऐकून ती मला तरंगती डोंबिवलीच वाटली, फक्त लिफ्ट चालू असलेली. रात्री झोपायचं एका देशात, सकाळी चहा दुसऱ्या देशात. बार्सिलोना, मार्सेय, जिनोआ, मग रोम, मग नेपल्स.

"रोमला जहाज लागतं?" मी विचारलं.

"रोमला कसं लागेल? चिवितावेक्किया म्हणून बंदर आहे, तिथे लागतं. तिथून रोम 70-80 किलोमीटर."

"म्हणजे तिकीट रोमचं आणि उतरायचं भलतीकडेच. आपलं आसनगाव!"

भाऊजींना हे लगेच पटलं, कारण त्यांचं आजोळ शहापूर. शहापूरला जाणारा माणूस आयुष्यात कधी शहापूर स्टेशनवर उतरलेला नाही, कारण ते नाहीच. आसनगावला उतरायचं, फाटकाच्या बाजूला शेअर रिक्षात चौथा म्हणून बसायचं, अर्धं अंग बाहेर ठेवायचं आणि शहापूर गाठायचं. तिकडे चौथ्या प्रवाशाऐवजी एसी बस असते, पण तत्त्व तेच. ज्या गावाच्या नावावर लोक उतरतात ते गाव वेगळं, ज्याच्या जमिनीवर उतरतात ते वेगळं. चिवितावेक्कियाचे लोकही, मला खात्री आहे, सकाळी नाक्यावर उभे राहून हात लांब करत असतील. रोम? सरळ.

ताईच्या रोमदर्शनाचा हिशेब असा. पहाटे जहाज धक्क्याला, संध्याकाळी सुटायचं, मधले तास तुमचे. त्यातले बसचे जाऊन-येऊन गेले. प्रत्येकाच्या छातीवर क्रमांकाचा स्टिकर. पुढे गाइडबाई हातात उंच काठी धरून, काठीवर तोच क्रमांक. कानात यंत्र, यंत्रात इतिहास. कलोसियम बाहेरून, कारण आत गेलं तर व्हॅटिकन जातं. कारंज्यात नाणं टाकलं, पण पाठ करून टाकायचं असल्यामुळे पडलं कुठे ते दिसलं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम: जहाजाच्या सहलीबरोबर गेलेल्यांना उशीर झाला तर जहाज थांबतं, स्वतःच्या हिमतीवर गेलेल्यांसाठी थांबत नाही. मग संध्याकाळी वरच्या डेकवर कॉफीचे कप घेऊन मंडळी गोळा होतात आणि धक्क्यावरून पिशव्या सावरत पळत येणारी शेवटची जोडपी बघतात. कुणी पोचलं की टाळ्या. भाऊजींना सगळ्या युरोपात हे दृश्य सर्वाधिक आवडलं. त्यांचा जन्म लोकलने जाण्यायेण्यात गेला, पळणाऱ्याविषयी त्यांना आतून कळवळा आहे.

आता हे चिवितावेक्किया बांधलं ट्राजान बादशहाने, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला. बांधकाम चालू असताना धाकटा प्लिनी तिथे गेला होता आणि समुद्रात मोठमोठे दगड टाकून बांध कसा वर येतोय ते त्याने पत्रात लिहून ठेवलं. याच प्लिनीचा मामा थोरला प्लिनी. भाचा बंदराचं कौतुक करणारा, तर मामा बंदरातून पैसा कुठे जातो ते मोजणारा. हिंदुस्थान दर वर्षी आपल्याकडून 5 कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी त्याची तक्रार प्रसिद्ध आहे. बायकांचे शौक आणि मिरी, यांवर त्याचा विशेष राग. घरात मामा असा असला की भाच्याने पत्रं लिहिण्यात मन रमवावं हेच बरं.

हा पैसा यायचा कुठे? भडोचला, दक्षिणेत मुझिरिसला, आमच्या बाजूला सोपाऱ्याला आणि कल्याणला. होय, कल्याणला. ज्या कल्याणला आज समुद्र म्हटलं की लोक दादर चौपाटीची गाडी विचारतात, ते बंदर होतं. दुर्गाडी किल्ल्याखाली खाडी आहे, रेतीबंदर हे नाव आहे, आणि शिवाजी महाराजांनी 1657 मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर आरमाराची सुरुवात याच खाडीवर झाली. कान्हेरीच्या लेण्यांत दान दिल्याचे जे लेख आहेत, त्यांत कल्याणचे व्यापारी भेटतात. सहाव्या शतकातला कॉस्मस नावाचा अलेक्झांड्रियाचा व्यापारी, जो पुढे साधू झाला, तोही कल्याणला मोठी बाजारपेठ म्हणतो.

पण खरी गंमत आहे ती 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक पुस्तकात. पहिल्या शतकातल्या कुणा अनाम खलाशी-व्यापाऱ्याने लिहिलेली ही समुद्रप्रवासाची मार्गदर्शिका. कुठे काय मिळतं, काय खपतं, कुठे वाळूचे पट्टे आहेत, सगळं चोख. त्यात कल्याणबद्दल लिहिलंय की पूर्वी इथे रीतसर पेठ होती, पण राज्य बदललं आणि आता चुकून ग्रीक जहाज तिथे लागलंच, तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेतात. म्हणजे विचार करा. महिनोन् महिने प्रवास करून माणूस कल्याणला उतरायचा बेत करतो, सामान बांधतो, आणि डोळे उघडतो तो भडोचला! आमच्याकडे हा अनुभव अजून मिळतो. मुंबईहून कसारा लोकल पकडायची, कल्याणला उतरायचं म्हणून डोळा लावायचा आणि जाग यायची ती थेट कसाऱ्याला. पहारेकरी लागत नाहीत.

जे सुखरूप कल्याणला उतरत, त्यांना परतायची घाई मात्र नव्हती. इजिप्तच्या बंदरांतून जहाजं भर उन्हाळ्यात सुटायची, नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर इथे पोचायची, आणि परतीचा वारा डिसेंबर-जानेवारीत. तोवर सगळा मोकळा वेळ. सहा वाजता सर्वांनी जहाजावर यावे, ही घोषणा तेव्हा वारा करत असे आणि तो दोन-तीन महिने तरी तोंड उघडत नसे. आता सांगा, परदेशी माणूस, हातात दोन-तीन महिने, मुक्काम कल्याणला. करेल काय? शॉपिंग होईल, दोन दिवस. पुढे?

मी ताईला म्हटलं, आपण त्याच्यासाठी सहली आखू. भूमध्यवाल्यांच्या त्या चकचकीत पुस्तिकेसारखी पुस्तिका काढू. जहाज कल्याणच्या धक्क्याला लागलंय असं धरून चालायचं.

ज्यांना चालवत नाही त्यांना टिटवाळा. गणपती, पेढे, परत. ज्यांना थोडं चालवतं त्यांना आसनगावहून माहुली. ठाणे जिल्ह्यातला उंच किल्ला, आणि 1636 मध्ये शहाजीराजांनी निजामशाही वाचवण्याची शेवटची धडपड इथेच केली. शेवटी तह झाला आणि निजामशाही बुडाली. पण हे वर चढून दम लागल्यावर कुणाला ऐकवत नाही. त्यापेक्षा खालूनच सुळके दाखवावेत. नवरा, नवरी आणि भटोबा. किती शतकं हे लग्न चाललंय आणि भटोबांचं 'सावधान' काही होत नाही, हे दाखवलं की कुठल्याही देशाचा पाहुणा हसतो. लग्नं सगळीकडे लांबतात.

पौष पौर्णिमा गाठता आली तर म्हसा. खांबलिंगेश्वराची यात्रा, बैलांचा बाजार. युरोपातल्या बाईला गाय दाखवायची असेल तर तिथे जाऊ नये, तिथे बैल बघायला जायचं असतं. बैलाचे दात बघणारा म्हातारा आणि त्याच्याकडे संशयाने बघणारा बैल, हे जवळून बघण्यासारखं आहे. घेणारा आणि विकणारा अशा दोघांच्या हातांवर टॉवेल टाकून बोटं दाबून भाव ठरतो. बाहेर चेहऱ्यावर काही नाही, आत हजारांचे व्यवहार. रोमन व्यापाऱ्याला दुभाषा लागला नसता. बोटं सगळ्यांना सारखीच. शिवाय यात्रेतून घोंगडी न्यावी. जहाजावर एसीत कामाला येते.

सिद्धगडाची सहल मात्र मी पुस्तिकेत मुद्दाम वेगळ्या पानावर ठेवीन. 2 जानेवारी 1943 ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मे झाले. तिथे काठीवर क्रमांक लावून कुणी जाऊ नये.

आणि मग नाणेघाट.

ही आमच्या पुस्तिकेतली महागडी सहल, कारण हा कुणाचा डोंगर नसून रस्ताच आहे. कल्याणहून साठेक किलोमीटरवर, टोकावड्याच्या पुढे वैशाखरे. तिथे रस्त्याच्या कडेला गाडी लावायची आणि झाडीत शिरायचं. अडीच-तीन तासांची चढण. आधी रान, मग ओढा, मग दगडांत बसवलेल्या पायऱ्या. या पायऱ्यांवर गुडघा कितीही कुरकुरला तरी बसून बघावं एकदा. दगड मध्ये खोल झालेत. बैल, गाढवं आणि माणसं यांनी केलेली ही झीज आहे. पैठण आणि तेरचा माल भडोचला जाई, त्याचा हिशेब 'पेरिप्लस'मध्ये आहे: भडोचहून पैठण 20 दिवसांवर, तिथून तेर आणखी 10. तसाच जुन्नरकडून खाली कोकणात यायचा हा मार्ग. एका बाजूला देश, एका बाजूला कोकण, मध्ये ही चिंचोळी खिंड. कुणी कुशल माणसाने डोंगर फोडून दिला असावा अशी. वर नानाचा अंगठा नावाचा कडा, तो खरंच अंगठ्यासारखा दिसतो आणि खाली कोकणाला ठेंगा दाखवतो, असं कोकणातल्या आम्हा लोकांना वाटतं.

वरच्या टोकाला गुहा. तिच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला मोठा लेख, सातवाहनांची राणी नागनिका हिचा. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आसपासचा. आधी देवांना नमस्कार, मग कुठले कुठले यज्ञ केले आणि दक्षिणा काय काय दिली त्याची यादी. गाई, हत्ती, घोडे, गावं, कापडं, चांदीची भांडी, कार्षापण नाणी. आणि सगळ्याचे आकडे. हे आकडे आता जगभरचे अभ्यासक वाचतात, कारण भारतात अंक लिहिण्याचे इतके जुने नमुने फार थोडे. शून्य अजून आलेलं नाही, दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. पंडित भगवानलाल इंद्रजींनी या अंकांवर निबंध लिहिला. मला मात्र त्यातली बाई आवडते. लाखोंच्या दक्षिणेचा पैन् पैचा हिशेब घाटाच्या तोंडावर, जकातीच्या जागी, दगडात कोरून ठेवणारी. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने वाचलंच पाहिजे अशी जागा तिने निवडली. आज जाहिरातवाले हायवेवर फलक लावतात तेव्हा त्यांना वाटतं ही कल्पना त्यांची आहे.

गुहेत मागच्या भिंतीला घरातल्या मंडळींचे पुतळे होते. वर नावं कोरलेली: सिमुक सातवाहन, देवी नायनिका (म्हणजे हीच नागनिका), राजा सातकर्णी, राजकुमार, एक महारठी. पुतळे गेले, पावलांच्या खुणा तेवढ्या राहिल्या. त्याच भिंतीसमोर मुंबईच्या ग्रुपचा लीडर पोरांना ओळीत उभं करतो आणि फोटो काढतो. तो फोटो पुढे मागे सरकून काढावा लागतो, गुहा लहान आहे. त्यात हमखास पहिल्या रांगेच्या मुंड्या कापल्या जातात. सातवाहनांची पावलं उरली, आमची शरीरं उरतात. दोन्ही मिळून एक पूर्ण कुटुंब होईल.

गुहेच्या पुढे, घाटमाथ्यावर, भला मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी यात टाकायचे म्हणतात. आता रिकामा आहे. ताईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग रोमच्या कारंज्यात टाकतात तसं इथेही टाकतात?" मी म्हटलं, तिकडे स्वखुशीने टाकायचं, इकडे टाकल्याशिवाय पुढे सोडायचे नाहीत. पण तत्त्व तेच. दोन्हीकडे नाणं परत मिळत नाही.

जुलैत इथे उलटा धबधबा दिसतो. कड्यावरून पाणी खाली पडायच्या ऐवजी वाऱ्याने उलटं वर फेकलं जातं आणि कड्यावर उभ्या असलेल्यांच्या तोंडावर येतं. त्यासाठी येतात ती गर्दी वेगळी. त्यांना नागनिका नको असते, त्यांना वारा हवा असतो. माझी हरकत नाही. ज्या नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर ग्रीक जहाजं आली तोच हा वारा, घाटाशी येऊन आपटतो आणि पाणी वर उडवतो. म्हणजे ते पोरगं रेनकोटात उभं राहून तोंड पुसतं, तेव्हा त्याला कळो न कळो, तो व्यापारी इतिहासच पुसत असतो.

पलीकडे जुन्नर. तिथल्या लेण्यांमध्ये एक गोष्ट आहे जी आमच्या पुस्तिकेत ठळक छापली पाहिजे. तिथे दान देणाऱ्यांत यवन आहेत. हे थेट ग्रीस-रोमहून आलेले की इथेच मुक्काम टाकून राहिलेले, यावर विद्वानांचे वाद आहेत, आपण त्यात पडू नये. इरिल नावाच्या यवनाने संघाला दोन पाण्याच्या टाक्या खोदून दिल्या. चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. चंद नावाच्याने लेण्याचा गाभारा-दरवाजा. लेखात नाव आहे, देणगी आहे, बस्स. पाण्याच्या टाक्या आणि जेवायची जागा! परक्या मुलखात माणसाला कशाची गरज पडते हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. नाणेघाटाच्या वाटेवरही खडकात टाक्या आहेत, पाणी घेऊन दम खायच्या. आमचे आजचे पाहुणेही मागे काहीतरी ठेवून जातात. इरिलाने पाण्याच्या टाक्या दिल्या, हे पाण्याच्या बाटल्या देतात. रिकाम्या.

पाण्याचं निघालंच आहे तर शहापूरचं सांगतो. तानसा इथला, 1892 चा. भातसा इथला. वैतरणेचं पाणी इथून जातं. मुंबईच्या नळाला पाणी आलं की त्यात थोडं तरी शहापूर असतं. आणि एप्रिल-मे महिन्यांत शहापूरच्या पाड्यांवर बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. हे मी हसत सांगू शकत नाही, पण सांगितल्याशिवाय पुढे जाणंही बरं नाही. पाणीही, बघा, आमच्याकडे येत नाही. आमच्यावरून जातं.

ताईचं नेपल्स राहिलंच. नेपल्सला उतरून पाँपेईची सहल. इ. स. 79 मध्ये व्हेसूव्हियसचा स्फोट झाला, राखेखाली गाव गाडलं गेलं, तेच. त्याच स्फोटात आपला तो पैसे मोजणारा मामा, थोरला प्लिनी, वारला. मदतीला म्हणून जहाजं घेऊन गेला होता. पाँपेईत 1938 साली एका घरात हस्तिदंताची एक छोटी बाई सापडली. भारतीय दागिने, भारतीय उभं राहणं. लक्ष्मी म्हणतात तिला, काही म्हणतात यक्षी. नेपल्सच्या संग्रहालयात असते. आणि गंमत म्हणजे अगदी तिच्यासारख्या हस्तिदंती बाया आपल्या तेरला आणि भोकरदनला सापडल्या आहेत. म्हणून अनेक अभ्यासकांना वाटतं, ही महाराष्ट्राकडूनच गेली असावी. असली तर मराठवाड्यातली बाई दोन हजार वर्षांपूर्वी सहलीला गेली आणि तिचं जहाज चुकलं. तिच्यासाठी थांबायला कुणाची ऑर्डर नव्हती.

"आम्ही त्या संग्रहालयात गेलोच नाही," ताई म्हणाली. "पाँपेई आणि संग्रहालय दोन्ही बसत नव्हतं."

"बघा, गावाकडची बाई भेटायची राहिली," आमची बायको म्हणाली. भाऊजींनी मोबाइलमध्ये पाँपेईचे फोटो पुढे-मागे सरकवले. त्यांत दगड होते, दगडापुढे ताई होती.

उलट दिशेचा माल आमच्याकडून अजून जातो, हे जाताजाता सांगून ठेवतो. शहापूर-मुरबाडची भेंडी खोक्यात बसून परदेशी जाते. शेतावर बायका भेंडी खुडतात, एकसारख्या लांबीची निवडतात, वाकडी बाजूला. वाकडी भेंडी आमच्या पानात येते. चव तीच. सरळ असण्याचा मान परदेशाला. पेरिप्लसकाराने ही नोंद केली असती: मुरबाडहून भेंडी, सरळ; स्थानिकांसाठी, वाकडी. आणि तिकडून काय यायचं? इटलीची दारू. पेरिप्लसमध्ये तीच अधिक पसंत केली जाते असं लिहिलंय. मोहाच्या मुलखात इटलीची दारू विकायला आणणाऱ्या माणसाच्या आत्मविश्वासाला मानलं पाहिजे.

या सगळ्या गप्पांचा परिणाम असा झाला, की पुढच्या श्रावणात ताईने सोसायटीतल्या ज्येष्ठ मंडळींची मिनीबस काढली. जाताना माळशेज, तिथून जुन्नरच्या बाजूने वळसा घालून गाडीने थेट नाणेघाटाच्या डोक्यावर, म्हणजे चढायला नको. क्रूझवर शिकलेलं वाया जाऊ नये म्हणून प्रत्येकाच्या छातीवर क्रमांकाचा स्टिकर आणि भाऊजींच्या हातात काठी. निघायच्या आदल्या दिवशी ताईचा फोन आला.

"वन्सं, किती जण येताय जेवायला?" बायकोने विचारलं.

"जेवायला नाही गं, परत येताना फक्त पाच मिनिटं थांबू. सगळ्यांना फ्रेश व्हायला."

बायकोने फोन ठेवला, मिनीबसमधल्या माणसांची संख्या मनात धरली, आमच्या घरातल्या बाथरूमची संख्या धरली (ती एक आहे), भागाकार केला आणि तांदळाचं पीठ चाळायला घेतलं.

मिनीबस संध्याकाळी आली. ओली मंडळी उतरली. भाऊजींनी काठी दारात रोवली आणि क्रमांक पुकारायला सुरुवात केली. पाच मिनिटांत तिसरा क्रमांक झाला. पंधराव्यापर्यंत चुलीवरच्या तांदळाच्या भाकऱ्यांचा वास ओटीवर पोचला होता आणि बाहेर रांगेत उभं असलेलं कुणीच बसकडे बघत नव्हतं. कंटोळ्यांची भाजी, सुकट, ठेचा, शाकाहारींना वाकड्या भेंडीची. ताई घड्याळ बघत होती. ड्रायव्हरने सांगितलं, "ताई, बसा आता. शहाडच्या पुलावर या वेळेला काही हलत नाही. नऊनंतर काढू." त्याचं पान आधीच वाढलेलं होतं.

पांढऱ्या बुशकोटातले एक काका माझ्या शेजारी खाटेवर बसले. नाणेघाट बघून आले होते, नागनिकेच्या लेखासमोर त्यांचा फोटो होता, त्यात त्यांची मुंडी होती. भाकरीचा तुकडा मोडून त्यांनी अगत्याने विचारलं, "मुरबाडात बघण्यासारखं काय आहे हो?"

असा प्रश्न पहिल्यांदाच कानावर येत होता. मी नीट सावरून बसलो. कुठून सुरुवात करावी, म्हशाच्या बैलांपासून की पेरिप्लसपासून, ठरवलं, घसा साफ केला, "त्याचं असं आहे काका" एवढं म्हटलं, तोच दारातून भाऊजींचा आवाज आला, "तेवीस!"

काका तेवीस होते. भाकरी माझ्या हातात देऊन ते पळाले.